३३९ सामने आणि उरलेले रविवार

प्रश्न असा आहे : "हॉकी खेळाडूची माहिती वाचताना एका रकान्यात क्लब आणि दुसऱ्यात देश दिसतो. धनराज पिल्ले चार ऑलिम्पिक खेळले, पदक एकही नाही. हॉलंडच्या ट्युन डी नूयरकडे चार ऑलिम्पिक पदकं आहेत. मग कारकीर्द तोलायची कशी? क्लबच्या रकान्याला खरंच काही अर्थ असतो, की तो फक्त चार पैसे मिळवायचा भाग? माझा पुतण्या सतरा वर्षांचा आहे, राज्याच्या ज्युनियर संघात फॉरवर्ड खेळतो. त्याला आम्ही काय सांगावं?"

आधी एक साधा भागाकार करू. धनराज डिसेंबर १९८९ ते ऑगस्ट २००४ या काळात भारताकडून ३३९ सामने खेळला. वर्षाला सरासरी तेवीस. डी नूयर १९९४ ते २०१२ या काळात हॉलंडकडून ४५३ सामने खेळला. वर्षाला सरासरी पंचवीस. म्हणजे देशाच्या जर्सीत दोघंही वर्षाकाठी जवळजवळ सारखंच खेळले. हे तेवीस-पंचवीस सामने बाजूला काढले की वर्षातले बाकीचे रविवार उरतात. त्या रविवारी कोण कुठे खेळत होतं, कुणासोबत आणि कुणाविरुद्ध, हे पाहायला लागलं की दोघांमधला फरक दिसतो. क्लबचा रकाना म्हणजे हे उरलेले रविवार. देशाच्या रकान्यात निकाल असतात. ते निकाल कशाच्या जोरावर आले किंवा कशाच्या अभावी आले नाहीत, ते बहुतेक वेळा क्लबच्या रकान्यात सापडतं. ज्युनियर मुलं आणि ऑफिसचे संघ, दोन्ही शिकवत आलेला प्रशिक्षक म्हणून मी कुठल्याही खेळाडूची माहिती हातात आली की आधी तोच रकाना वाचतो.

डी नूयरचा क्लब ब्लूमेंडाल. हॉलंडमधली सर्वांत वरची लीग, हूफ्डक्लासे, बारा संघांची आहे. प्रत्येक संघ बाकीच्या अकरांशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या टर्फवर आणि एकदा त्यांच्या. झाले बावीस सामने. मग वरच्या संघांची प्लेऑफ, आणि चांगला क्लब असेल तर युरोपातल्या क्लबांची स्पर्धा वेगळी. मोसम सप्टेंबरात सुरू होतो, थंडीत थांबतो आणि वसंतात पुन्हा चालू होतो. ज्या टर्फवर पहिला संघ खेळतो त्याच टर्फवर त्या दिवशी सकाळी क्लबची आठ-दहा वर्षांची पोरं खेळून गेलेली असतात आणि दुपारी तीच पोरं कडेला उभी राहून ऑलिम्पिक विजेत्याचा खेळ पाहतात. डी नूयरनं आपल्या कारकिर्दीचा सर्वांत मोठा भाग या एका क्लबात काढला.

यातून फॉरवर्डला काय मिळतं ते सांगतो, कारण तुमचा पुतण्या फॉरवर्ड आहे. लीगमध्ये तोच बचावपटू वर्षातून दोनदा समोर येतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा दोनदा. पहिल्या वेळी तुम्ही उजवीकडे खांदा टाकून डावीकडून निघून गेलात, तर दुसऱ्या वेळी तो त्या बाजूला आधीच स्टिक लावून बसलेला असतो. मग तुम्हाला दुसरं काहीतरी काढावं लागतं. तेही त्याला कळतं. असं पाच-सहा मोसम चाललं की खेळाडूच्या हातात एका युक्तीऐवजी युक्त्यांचा साठा तयार होतो, आणि कुठली कधी वापरायची याचा अंदाजही. राष्ट्रीय संघाच्या सराव कॅम्पमध्ये हे होत नाही. तिथे समोरचा फुलबॅक आपलाच असतो, त्याला आपल्या सगळ्या सवयी ठाऊक असतात, आणि तोही सिलेक्शनच्या दडपणाखाली असतो, त्यामुळे दोघंही सुरक्षित खेळतात. लीगमध्ये रविवारी हरलात तरी मंगळवारी सरावात चूक दुरुस्त करायची आणि पुढच्या रविवारी ती दुरुस्ती टिकते का ते पाहायचं, एवढा वेळ मिळतो. शिकण्यासाठी हरायची मुभा लागते. ती लीग देते.

नियम बदलतात तेव्हा तर हे फार जाणवतं. धनराजच्या कारकिर्दीच्या ऐन मध्यावर, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकनंतर, हॉकीतून ऑफसाइडचा नियम, म्हणजे बचावपटूंच्या मागे आधीच जाऊन उभं राहायला असलेली बंदी, गेला. आधी प्रयोग म्हणून, मग कायमचा. फॉरवर्डसाठी इतका मोठा बदल क्वचितच झाला असेल. पूर्वी बचावपटूंच्या रांगेवर नजर ठेवून धाव सुरू करायची. आता एक जण थेट डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, तोंडाशी जाऊन उभा राहू शकतो. त्यामुळे बचाव मागे ओढला जातो आणि मधल्या पट्ट्यात मोकळी जागा तयार होते. ती जागा कुणी वापरायची, पास कुठल्या कोनातून यायचा, पुढे उभ्या असलेल्यानं पाठ कशी लावायची, हे सगळं नव्यानं शिकावं लागलं. ज्या देशात दर आठवड्याला चुरशीचे सामने होतात तिथे असा बदल एक-दोन मोसमांत खेळाडूंच्या पायांत उतरतो. जिथे वर्षभरात चार स्पर्धा आणि दोन कॅम्प असतात तिथे तो फळ्यावरच बराच काळ राहतो.

आता धनराज. खडकीचा मुलगा, जन्म १६ जुलै १९६८. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढला, वडील मैदानाची देखभाल करायचे. मातीवर, मोडक्या स्टिकला डागडुजी करून खेळ शिकला. मोठा भाऊ रमेश मुंबईत आरसीएफ या खत कंपनीच्या संघाकडून खेळत होता, पुढे तोही भारताकडून खेळला. त्याच्या पाठोपाठ धनराज मुंबईला आला आणि महिंद्र अँड महिंद्रच्या संघात गेला. तिथे जोकिम कार्व्हालो यांचं मार्गदर्शन मिळालं, जे स्वतः ऑलिम्पिक खेळलेले होते. खडकी, मग मुंबईचा ऑफिसचा संघ, मग भारत. महाराष्ट्रातल्या अनेक चांगल्या खेळाडूंची वाट अशीच गेली आहे. पुढे तो इंडियन एअरलाइन्समध्ये होता.

आपल्याकडे युरोपातल्या क्लबची जागा ऑफिसच्या संघांनी घेतली. रेल्वे, सेनादल, इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, पंजाब पोलीस, बँका. ट्रायल द्यायची, निवड झाली की नोकरी, आणि नोकरीबरोबर खेळ. महिलांच्या भारतीय संघात तर वर्षानुवर्षं निम्म्याहून अधिक मुली रेल्वेच्या असायच्या. या व्यवस्थेला मी कधीच कमी लेखणार नाही. खडकी, पिंपरी, इस्लामपूर, नागपूर अशा ठिकाणची कष्टकऱ्यांची मुलं हॉकीत टिकली ती या नोकऱ्यांमुळे. ऑफिसचा संघ नसता तर त्यातल्या बहुतेकांनी विशीच्या आतच स्टिक भिंतीला टेकवली असती.

पण तिची एक मर्यादा आहे, आणि ती खेळात उतरते. ऑफिसचे संघ स्पर्धा खेळतात. कोलकात्याचा बेटन कप १८९५ पासूनचा, मुंबईचा आगाखान कप १८९६ पासूनचा. या स्पर्धांना इतिहास आहे, प्रतिष्ठा आहे, आणि त्यांनी कितीतरी ऑलिम्पिकपटू घडवले. मात्र त्या आठ-दहा दिवसांच्या असतात आणि बऱ्याचशा बाद पद्धतीच्या. एक सामना हरलात की बॅगा भरायच्या. अशा स्पर्धेत कुठलाही प्रशिक्षक अठरा वर्षांच्या नवख्याला शेवटच्या पंधरा मिनिटांत मैदानावर ठेवत नाही. तो अनुभवी नोकरदार खेळाडूला ठेवतो. नवखा बाकावर बसून स्पर्धा पाहतो. शिवाय खेळाडूला एका दमात सगळं द्यायची सवय लागते, आठवड्यामागून आठवडे सारखा दर्जा राखायची लागत नाही. स्थानिक लीग अनेक शहरांत चालतात, पण देशाकडून खेळणारा खेळाडू तिथे क्वचित दिसतो, कारण तो कॅम्पमध्ये असतो.

या पार्श्वभूमीवर धनराजच्या परदेशी क्लबांची यादी वाचा. लंडनचं इंडियन जिमखाना, फ्रान्समधला ल्योनचा क्लब, जर्मनीतलं स्टुटगार्ट किकर्स, मलेशियात बीएसएन आणि टेलिकॉम मलेशिया, ढाक्याचं अबाहानी, हाँगकाँगचं खालसा. अशी यादी पाहिली की लोक म्हणतात, मिळेल तिथे खेळला, पैशांसाठी खेळला. पैसा होताच, आणि त्यात गैर काही नाही. हॉकीपटूला घर चालवायचं असतं. पण मला त्या यादीत दुसरंही काही दिसतं. आपल्याकडे जे रविवार नव्हते ते हा माणूस देशोदेशी जाऊन मिळवत होता. डी नूयरला जे घरापासून सायकलच्या अंतरावर मिळालं त्यासाठी खडकीच्या धनराजला देशोदेशीचे व्हिसा काढावे लागले.

आणि तरीही ते तसंच मिळालं नाही. परदेशी पाहुणा खेळाडू म्हणून गेलेल्याची स्थिती मी जवळून पाहिली आहे. क्लब त्याला राहायला जागा देतो, थोडे पैसे देतो, बहुतेक ठिकाणी क्लबच्या लहान मुलांना शिकवायचं कामही देतो. मोबदल्यात त्यानं गोल करावेत एवढीच अपेक्षा असते. त्याचा बचाव कच्चा आहे का, चेंडू गमावल्यावर तो मागे धावतो का, हे कुणी फारसं विचारत नाही, कारण चार महिन्यांनी तो जाणार असतो. मग देशाच्या कॅम्पचं पत्र येतं आणि मोसम अर्धा सोडून निघावं लागतं. अशा आयुष्यात खेळाडूचं वैयक्तिक कौशल्य तेज होत जातं. सांघिक सवयी मात्र एका जागी मुरत नाहीत. धनराजचा खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल : पंचवीस यार्डांच्या रेषेबाहेर चेंडू घ्यायचा, मान खाली, केस उडताहेत, आणि दोन-तीन जणांना मागे टाकत डीत शिरायचं. त्या धावांनी स्टेडियम उभं राहायचं. ती त्याची प्रतिभा होतीच, पण ती त्याच्या परिस्थितीतूनही आलेली होती, असं माझं मत आहे. ज्याला आयुष्यभर नवनव्या संघांत जाऊन खेळावं लागतं तो स्वतःवर विसंबायला शिकतो.

आता देशाचा रकाना. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार आशियाई स्पर्धा. अशी चौकडी पूर्ण करणारा खेळाडू मिळणं फार कठीण आहे. ऑलिम्पिकमध्ये भारताचा क्रमांक बार्सिलोनात सातवा, अटलांटात आठवा, सिडनीत सातवा, अथेन्समध्ये सातवा. विश्वचषकात लाहोरला १९९० मध्ये दहावा, सिडनीला १९९४ मध्ये पाचवा, उट्रेख्टला १९९८ मध्ये नववा, क्वालालंपूरला २००२ मध्ये दहावा. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवूनच बाकीचं वाचायला हवं. सिडनी ऑलिम्पिकमध्ये उपांत्य फेरी खरोखर हाताशी आली होती. गटातल्या शेवटच्या सामन्यात पोलंडला हरवलं असतं तर पुरे होतं. एक गोलची आघाडी होती, आणि शेवटच्या दोनेक मिनिटांत बरोबरी झाली. त्या सामन्यानंतरचा धनराजचा चेहरा ज्यांनी टीव्हीवर पाहिला ते तो विसरलेले नाहीत.

आशियाई स्पर्धांत चित्र वेगळं. बीजिंग आणि हिरोशिमाला रौप्य, मग १९९८ मध्ये बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली सुवर्ण, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोकवर हरवून. गोलरक्षक आशिष बल्लाळ त्या दिवशी भिंतीसारखा उभा राहिला. त्याआधीचं सुवर्ण १९६६ चं होतं, तेही बँकॉकचंच. बत्तीस वर्षांनी ते परत आणणारा कर्णधार आणि त्याचे अनेक ज्येष्ठ सहकारी पुढच्याच मालिकेच्या संघात नव्हते. प्रशिक्षक महाराज किशन कौशिक यांनाही जावं लागलं. मानधन आणि सोयींबद्दल खेळाडूंनी आवाज उठवला होता. या घटनेचा मला आजही राग येतो. यशस्वी संघाला एकत्र ठेवून पुढचं ऑलिम्पिक गाठायचं, हे कुठल्याही क्लबच्या प्रशिक्षकाला कळतं.

तरी धनराज परतला. २००२ मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत, चौतिसाव्या वर्षी, तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. भारत चौथा आला होता. त्याच वर्षी बुसानला आशियाई रौप्य. पुढच्या वर्षी क्वालालंपूरला अंतिम सामन्यात पाकिस्तानला ४-२ नं हरवून भारतानं पहिल्यांदा आशिया कप जिंकला, तेव्हा कर्णधार तोच होता. नव्वदच्या दशकात कितीही वेळा बदली खेळाडू आत-बाहेर करायची मुभा आली, त्यामुळे फॉरवर्डची कारकीर्द लांबली हे खरं, पण चौतिसाव्या वर्षी जगातल्या सर्वोत्तम सहा संघांच्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरणं निव्वळ नियमाच्या जोरावर होत नाही.

एक गोष्ट मात्र या रकान्यात सापडणार नाही. धनराजनं देशासाठी नेमके किती गोल केले याची अधिकृत नोंद ठेवलीच गेली नाही. १७० च्या वर असा अंदाज सांगितला जातो. डी नूयरचा आकडा मात्र पक्का आहे, २१५. पंधरा वर्षं देशाच्या आक्रमणाचा भार वाहिलेल्या खेळाडूचे गोल मोजायला आपल्याला जमलं नाही, ही आपल्या हॉकीची त्या काळातली स्थिती.

आणि गोल मोजले असते तरी पुरलं नसतं. धनराजचं मोठं काम होतं पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचावाच्या चुकीबद्दल गोलवर ठरवून हल्ला करायची संधी, मिळवणं. वेगानं डीत शिरणाऱ्या फॉरवर्डला थांबवताना बचावपटूच्या पायाला चेंडू लागतो किंवा स्टिक अडकते, आणि कॉर्नर मिळतो. आधुनिक हॉकीत फॉरवर्डच्या धावेचं निम्मं मोल तिथे असतं. पण कॉर्नरचा गोल करायला त्यातला खास माणूस लागतो, जोरदार हिट मारणारा किंवा ड्रॅग फ्लिक, म्हणजे स्टिकनं चेंडू ओढत नेऊन गोलात भिरकावणारा. हॉलंडकडे आधी फ्लोरिस यान बोवेलांडर होता, मग ब्राम लोमान्स, मग ताके ताकेमा. पाकिस्तानकडे सोहेल अब्बास होता. भारताकडे धनराजच्या उमेदीच्या वर्षांत त्या तोडीचा कुणी नव्हता. जुगराज सिंग आला तो धनराजच्या अखेरच्या वर्षांत, आणि २००३ मध्ये मोटार अपघातानं त्याची कारकीर्द खुंटली. संदीप सिंग आला ते धनराजच्या शेवटच्या ऑलिम्पिकचं वर्ष होतं. डी नूयरनं मिळवलेला कॉर्नर फलकावर चढायचा. धनराजनं मिळवलेला बऱ्याचदा वाया जायचा. पदकांच्या तक्त्यात हा फरक दिसत नाही, पण पदकं त्यातूनच ठरतात.

म्हणून तोलायचं कसं, या प्रश्नाला माझं उत्तर : पदकांवरून देशाची व्यवस्था तोला, खेळाडू तोलायचा असेल तर त्याच्या भोवती काय होतं ते धरून तोला. १९९८ च्या विश्वचषकात उट्रेख्टला अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध जादा वेळेत डी नूयरनं गोल्डन गोल, म्हणजे होताच सामना संपवणारा गोल, केला, त्या गोलामागे त्याचं कौशल्य होतं तसंच वर्षानुवर्षं लीगमध्ये एकमेकांबरोबर आणि एकमेकांविरुद्ध खेळलेले दहा सहकारीही होते. धनराजकडे तशी माणसं एकत्र असायची ती कॅम्पपुरती. माझ्या नजरेत धनराज डी नूयरपेक्षा कणभरही कमी खेळाडू नाही.

क्लब आणि देश यांची गुंतागुंत समजून घ्यायला आणखी दोन नावं उपयोगी पडतील. एक जर्मनीचा मॉरिट्झ फुर्स्टे, यूएचसी हॅम्बुर्गचा. त्याच्या क्लबनं युरो हॉकी लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, २००८, २०१० आणि २०१२ मध्ये जिंकली, आणि जर्मनीनं ऑलिम्पिक सुवर्ण २००८ आणि २०१२ मध्ये. ही वर्षं जुळली हा योगायोग मी मानत नाही. क्लबात मे महिन्यापर्यंत बाद फेरीचे तंग सामने खेळून आलेला मिडफिल्डर ऑगस्टमध्ये ऑलिम्पिकला उतरतो तेव्हा दडपण त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. जर्मनीत तर हिवाळ्यात इनडोअर हॉकीचा वेगळा मोसम असतो. तिथे स्टिक उगारून हिट मारायला बंदी, चेंडू फक्त ढकलायचा, म्हणजे पुश. बंदिस्त जागेत चेंडू एका स्पर्शात थांबवायचा आणि लगेच द्यायचा. जर्मन खेळाडूंचा पहिला स्पर्श इतका मऊ का असतो, याचं बरंचसं उत्तर त्या हॉलमध्ये आहे.

दुसरा गोन्झालो पेयाट. अर्जेंटिनाचा ड्रॅग फ्लिकर, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अकरा गोल करून सुवर्ण जिंकून देणारा. पुढे मायदेशाच्या संघाशी त्याचं फाटलं. तो जर्मनीत मानहाइमच्या क्लबकडून खेळत होता, तिथेच स्थिरावला आणि नियमानं घातलेला काही वर्षांचा खंड पाळून जर्मनीकडून उतरला. २०२३ च्या विश्वचषकात, आपल्या भुवनेश्वरला, उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यानं तीन गोल केले आणि जर्मनीनं पुढे विश्वचषक जिंकला. त्याच्या बाबतीत क्लबनं देशच बदलून दिला. असं प्रत्येकाचं होत नाही, पण क्लबचा रकाना किती वजनदार असू शकतो ते यावरून कळावं.

आपल्याकडे हे ओळखून प्रयत्न झाले. २००५ ते २००८ प्रीमियर हॉकी लीग चालली, धनराज त्यात मराठा वॉरियर्सकडून खेळला. २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग आली. पहिल्याच मोसमात डी नूयर उत्तर प्रदेश विझार्ड्सकडून, जेमी ड्वायर पंजाब वॉरियर्सकडून खेळले आणि फुर्स्टेच्या नेतृत्वाखाली रांची ऱ्हायनोजनी ती जिंकली. ड्वायर म्हणजे तोच, ज्यानं २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात गोल्डन गोल करून डी नूयरच्या हॉलंडचं सुवर्ण हिसकावलं आणि जो ब्लूमेंडालमध्ये त्याचा सहकारीही होता. अशा लोकांबरोबर आपली एकोणीस-वीस वर्षांची मुलं एका ड्रेसिंग रूममध्ये बसली, त्यांचा सराव, त्यांचं खाणं, त्यांची झोप पाहिली. टोकियो आणि पॅरिसच्या कांस्यपदकांमागे त्या पाच मोसमांचा वाटा आहे असं मी ठामपणे म्हणेन. लीग २०१७ नंतर थांबली आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली, या वेळी महिलांसाठीही. मधली वर्षं वाया गेल्याचं दुःख आहे. पण ही लीगही साधारण महिना-सव्वा महिन्याची असते. आठवड्याला एक सामना, सहा-सात महिने, या लयीची जागा ती घेऊ शकत नाही. आजही आपला राष्ट्रीय संघ वर्षाचा मोठा भाग बेंगळुरूच्या कॅम्पमध्ये असतो आणि प्रो लीग या देशांच्या संघांच्या लीगमधल्या सामन्यांतून स्पर्धेचा सराव मिळवतो. सरदार सिंगसारखे बेल्जियम आणि हॉलंडमध्ये क्लब हॉकी खेळून आलेले खेळाडू थोडे. सरदारनं ल्यूव्हन आणि नंतर ब्लूमेंडाल दोन्ही अनुभवलं, आणि मधल्या फळीतला त्याचा संयम पाहिला की मला त्या रविवारांची आठवण येते.

आता तुमचा पुतण्या. सतरा वर्षांचा फॉरवर्ड राज्याच्या ज्युनियर संघात आहे, म्हणजे हातात कला आहे. त्याला या वयात सर्वांत जास्त गरज सामन्यांची आहे, आणि सामना म्हणजे मैदानावर घालवलेली मिनिटं. राज्याच्या संघाचं ट्रॅकसूट घालून बाकावर बसण्यापेक्षा शहराच्या लीगमध्ये दुय्यम संघाकडून पूर्ण वेळ खेळणं या वयात जास्त मोलाचं आहे. घरच्यांना हे पचायला जड जातं, मला माहीत आहे, पण ठाम राहा.

अठरा-एकोणिसाव्या वर्षी ऑफिसच्या संघांच्या ट्रायल येतील. त्या द्यायच्याच. नोकरी किंवा स्टायपेंड मिळत असेल तर सन्मानानं घ्यायचं. फक्त दोन-तीन ठिकाणांहून बोलावणं आलं तर पगाराबरोबर हेही विचारा : संघ वर्षाला किती स्पर्धा खेळतो, त्याच्या जागेवर आधीच कोण आहे, गेल्या वर्षी विशीच्या आतली किती मुलं प्रत्यक्ष खेळली. ज्या संघात तीन आंतरराष्ट्रीय फॉरवर्ड आहेत तिथे नाव मोठं असेल, पण त्याचे रविवार रिकामे जातील. पदवीचं शिक्षण सोडू देऊ नका. युरोपातले कितीतरी ऑलिम्पिक विजेते शिकत शिकत खेळले, कारण हॉकीत फुटबॉलइतका पैसा तिथेही नाही.

परदेशी क्लबचं निमंत्रण आलं तर घाई नको. बावीस-तेवीसच्या आत, पहिला स्पर्श आणि बचावाची सवय पक्की होण्याआधी, गेलेली मुलं बहुधा थंडी आणि एकटेपणानं खचून परततात. जायचं तर पूर्ण मोसमासाठी जायचं. राहण्याची सोय, विमा, परतीचं तिकीट आणि शिकवण्याच्या कामाचे तास हे सगळं लेखी घ्यायचं, आणि हॉकी इंडियाचं ना-हरकत पत्र निघाल्याशिवाय विमानात बसायचं नाही. क्लब लहान असला तरी चालेल. तिथला प्रशिक्षक त्याला चेंडू नसताना काय करायचं ते शिकवणार आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

आणि आजपासून त्याला एक वही करायला सांगा. प्रत्येक सामन्याची तारीख, प्रतिस्पर्धी, किती मिनिटं खेळला, डीत चेंडू घेऊन किती वेळा शिरला, किती कॉर्नर मिळवले, किती वेळा चेंडू गमावला आणि त्यातल्या किती वेळा मागे धावून परत मिळवला. वर्षअखेरीस बेरीज करा. पूर्ण खेळलेले सामने तिसाच्या खाली असतील तर पुढच्या मोसमासाठी संघ बदलायचा विचार लगेच सुरू करा. डीतल्या धावा भरपूर आणि कॉर्नर कमी असतील तर तो बचावपटूच्या फार लांबून शॉट घेतोय. त्याच्या प्रशिक्षकाला ती वही दाखवा आणि तेवढ्या एकाच गोष्टीवर दोन महिने काम करून घ्या.